टोमॅटोला पाणी: नाशिकच्या गच्ची-अंगणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पाणी तर रोज घालतो, तरी…" अशी सुरुवात असलेले प्रश्न सगळ्यात जास्त येतात. त्यातल्या बहुतेकांचं उत्तर फिरून एकाच ठिकाणी येतं: पाणी कमी पडत नसतं, ते एकसारखं पडत नसतं. खालचे प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत. आकडे नाशिक शहर, नाशिकरोड, देवळाली, सातपूर या भागातल्या हवेला धरून दिले आहेत. निफाडकडची थंडी आणि त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडचा पाऊस वेगळाच असतो, तिकडच्यांनी प्रश्न १५ आणि १६ आधी वाचावेत.

१. टोमॅटोला रोज पाणी घालावंच लागतं का?

रोज बघावं लागतं. रोज घालावंच लागतं असं नाही. टोमॅटोच्या मुळांना वाफसा हवा: माती हाताला गार आणि ओलसर लागते, पण चिखल होत नाही आणि ढेकूळही बनत नाही. अशा मातीत मुळांना पाणी मिळतं आणि हवाही. रोज सकाळी ठरलेला तांब्या ओतण्याची सवय असेल तर डिसेंबरात तो तांब्या जास्त होतो आणि एप्रिलमध्ये अपुरा पडतो.

दुसरी सवय वरवर शिंपडण्याची. रोज वरचा इंचभर थर भिजला की मुळं त्याच थरात पसरतात, खाली जात नाहीत. मग एक दिवस पाणी चुकलं तरी झाड माना टाकतं. म्हणून द्यायचं तेव्हा खोलवर जाईल इतकं द्या आणि पुन्हा द्यायची वेळ मातीवरून ठरवा.

२. माती आतून ओली आहे की नाही, हे कळणार कसं?

वरचा थर फसवतो, त्यावर जाऊ नका. कुंडीत मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. टोकाला गार-ओलसर लागलं तर आज पाणी नको. बोट जात नसेल इतकी माती घट्ट असेल तर बांबूची बारीक काडी सहा इंच आत घालून पाच मिनिटांनी काढा. ओल असेल तिथपर्यंत काडी गडद दिसते आणि तिला माती चिकटते.

जमिनीतल्या झाडासाठी चार इंच खोलीवरची मूठभर माती काढून दाबा. बोटांच्या फटींतून पाणी आलं तर जास्त झालं. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला, तर तो वाफसा. गोळाच होत नसेल आणि माती भुरभुरत असेल, तर उशीर झालाय. काळ्या मातीत ही परीक्षा छान जमते. मुरमाड मातीचा गोळा ओल्यातही नीट होत नाही, तिथे बोटाला गार लागतं का एवढंच बघा.

गच्चीवरच्या कुंड्यांसाठी सगळ्यात पटकन होणारी तपासणी म्हणजे कुंडी एका बाजूने किंचित उचलून बघणं. पाणी दिल्यावर आणि कोरडी पडल्यावर वजनात किती फरक पडतो, हे आठवड्याभरात हाताला कळायला लागतं.

३. एका झाडाला नेमकं किती लिटर?

रंगाची जुनी २० लिटरची बादली किंवा साधारण तेवढीच ग्रो-बॅग, त्यात एक झाड, असं धरू.

फुलं येण्याआधीच्या झाडाला ३०० ते ५०० मिली एका वेळेला पुरतं. फळं धरलेल्या, छातीएवढ्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत दिवसाला १ ते दीड लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये २ लिटरच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये उघड्या गच्चीवर ३ ते ४ लिटर लागतं. एप्रिल-मेचं पाणी सकाळ आणि संध्याकाळ असं विभागूनच द्यायचं. त्याचं कारण साधं आहे: २० लिटर मातीत मुळांना ओढून घेता येईल असं पाणी फार तर ४-५ लिटर मावतं. म्हणजे मे महिन्यात झाड एका दिवसात जवळपास पूर्ण टाकी रिकामी करतं. आठ-दहा इंची कुंडीत टोमॅटो लावलेल्यांची उन्हाळ्यात त्रेधा उडते ती यामुळेच. त्यावर पाणी हा उपाय नाही, मोठी कुंडी हा आहे.

जमिनीत दोन-दोन फुटांवर झाडं असतील तर फळांच्या काळात थंडीत दिवसाला दीड लिटर आणि उन्हाळ्यात ३ लिटर, असा हिशोब धरा. पण ते रोज द्यायचं नाही. काळ्या मातीत थंडीत तीन-चार दिवसांचं एकदम, म्हणजे ५-६ लिटर, सावकाश द्या. मुरमाड जमिनीत एक दिवसाआड ३ लिटर. हे सगळे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. शेवटचा शब्द प्रश्न २ मधल्या बोटाचा.

४. पाणी सकाळी घालू की संध्याकाळी?

सकाळी, सहा ते नऊच्या दरम्यान. दिवसभराच्या उन्हासाठी झाडाची तयारी होते आणि खोडाजवळ उडालेले थेंब लवकर वाळतात. नळाला पाणी संध्याकाळीच येत असेल तर बादलीत भरून ठेवा आणि सकाळी घाला. रात्रभर ठेवलेल्या पाण्याने काही बिघडत नाही.

संध्याकाळ दोन वेळा चालते: उन्हाळ्यात दुसरी पाळी म्हणून, आणि रोपं नव्याने लावल्यावर. दोन्ही वेळा पाणी मातीतच, पानांवर नाही. भर दुपारी झाड अगदीच गळून गेलं असेल तर मुहूर्त बघू नका, पाणी द्या. मात्र उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते बादलीत काढून घ्या आणि नळी हाताला गार लागली की मग कुंडीकडे वळवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं मे महिन्यातलं दुपारचं पाणीही तसंच.

५. झारीने किंवा शॉवरने वरून पाणी घातलं तर काय होतं?

झाड पाणी पितं मुळांनी. पानं ओली ठेवून फायदा काही नाही, तोटा मात्र होतो: करपा या बुरशीच्या रोगाचे बीजाणू ओल्या पानावर रुजतात, आणि जोरात पडलेल्या पाण्याने मातीतले बीजाणू उसळून खालच्या पानांवर बसतात. खालच्या पानांवर झाडाच्या बुंध्याच्या कापासारखी एकात एक वर्तुळं असलेले तपकिरी डाग दिसले, तर तो लवकर येणारा करपा. झारीचा फवारा काढून ठेवा, तोटी मातीजवळ न्या, धार हळू ठेवा. झाड दोन-अडीच फुटांचं झालं की जमिनीपासून फूटभराची पानं काढून टाका.

धुळीसाठी किंवा मावा धुऊन काढायला पानं धुवायची असतील तर सकाळी लवकर, महिन्यातून एखाद्या वेळेस.

६. नवीन रोप लावल्यावर पहिले पंधरा दिवस पाणी कसं द्यायचं?

लावण संध्याकाळी करा. त्याआधी ट्रेमधल्या रोपाला पाणी पाजून घ्या, नाहीतर गोळा फुटून मुळं तुटतात. खालची पानं खुडून खोडाचा तळाकडचा भाग मातीत गाडा, टोमॅटोला त्या खोडावर नवी मुळं फुटतात. लगेच पाव लिटर पाणी सावकाश द्या, म्हणजे माती मुळांना बिलगते.

जमिनीत लावलं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं हलकं पाणी. कुंडीत पहिले पाच-सहा दिवस रोज थोडं, कारण मुळं अजून त्या लहानशा गोळ्यातच असतात आणि तो गोळा आजूबाजूच्या मातीआधी वाळतो. बोट कुंडीच्या कडेला नाही, रोपाजवळ घालून बघा. शेंड्याला नवी पानं फुटली की मुळं चालू झाली असं समजा आणि अंतर वाढवायला लागा. आता पाणी बुंध्याशी नाही, चार-पाच इंच लांब, गोल आळ्यात द्यायचं. मुळं पाण्यामागे बाहेर पसरतात.

७. अंगणात काळी माती आहे. पाणी वर साचून राहतं, आणि वाळली की भेगा पडतात. काय करू?

काळी माती पाणी पिते, पण सावकाश. नळी सोडून दिली की वरून पाणी वाहून जातं आणि चार इंचांखाली कोरडंच राहतं. दोन खेपांत द्या: आधी अर्धं, वीस-पंचवीस मिनिटांनी उरलेलं. भेगा पडल्या असतील तर पाणी भेगेतून थेट खाली पळतं आणि बाजूची मुळंही तुटलेली असतात. अशा वेळी आधी खुरप्याने वरची माती हलवून भेगा बुजवा, वर शेणखत पसरा, मग पाणी द्या.

पुढच्या हंगामासाठी सहा-आठ इंच उंच गादीवाफा करा. नव्या वसाहतींमधल्या बंगल्यांच्या अंगणात बऱ्याचदा वर चार इंच काळी आणि खाली मुरूम-राडारोडा असतो. तिथे फूटभर खणून बघितल्याशिवाय पाण्याचा अंदाज बांधूच नका.

८. कोकोपीटच्या कुंडीत पाणी ओतलं की लगेच खालून निघतं. मग झाड का सुकतं?

कारण आतलं कोकोपीट भिजलेलंच नसतं. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरायला नकार देतं. ते आक्रसतं, कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि पाणी त्या फटीतून थेट तळाला जातं. आपण खालून पाणी आलं म्हणून समाधानी. कुंडी उचलून बघा, हलकी लागेल.

कुंडी टबमध्ये तीन-चार इंच पाण्यात अर्धा तास ठेवा, वरचा थर ओला दिसला की काढून निथळू द्या. टब नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने पाव-पाव लिटर तीन-चार वेळा द्या. कोकोपीट एकूण मिश्रणाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावं. उलटा घोटाळाही होतो: वर फिकट आणि कोरडं, पण आत पिळलं तर पाणी निघेल असं. म्हणून पुन्हा काडी.

९. रोज दुपारी झाड माना टाकतं. पाणी वाढवू का?

आधी संध्याकाळची वाट बघा. मार्चनंतर दुपारी दोन-तीनला पानांतून उडणारं पाणी मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त होतं. झाड पानं खाली सोडून ऊन टाळतं. सहा-सातपर्यंत आपोआप ताठ झालं तर पाण्याची तक्रार नाही. सकाळी उठून बघितलं तेव्हाही पानं लोंबत असतील, तर बोट घालून बघा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर पुढचा प्रश्न वाचा आणि झारी बाजूला ठेवा.

कुंडी बाहेरून हाताला भाजत असेल तर मुळंही शिजतात. काळ्या बादलीला पांढरा चुना मारा किंवा गोणपाट गुंडाळा, आणि थेट कोब्यावर न ठेवता दोन विटांवर ठेवा.

१०. माती ओली आहे, तरी झाड सुकतंय. असं कसं?

इथेच सर्वाधिक झाडं जातात, कारण सुकलेलं झाड बघून माणूस आणखी पाणी घालतो. तीन शक्यता असतात.

पहिली, मुळं गुदमरली. कुंडीचं भोक बुजलेलं असतं किंवा खाली ताटलीत पाणी साचलेलं असतं. खालची पानं पिवळी पडतात, मातीला आंबूस वास येतो, मूळ ओढलं तर तपकिरी साल हातात येते. ताटली काढा, सळईने भोक मोकळं करा, कुंडी तिरकी करून निथळू द्या, तीन-चार दिवस सावलीत ठेवा. वाफसा येईपर्यंत पाणी नाही आणि खतही नाही.

दुसरी, जिवाणूजन्य मर. झाड हिरवंगार असतानाच दोन-तीन दिवसांत कोलमडतं. हे घरी तपासता येतं. बुंध्याजवळचा तीन-चार इंचांचा तुकडा धारदार सुरीने कापा, स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा धरा, हलवू नका. काही मिनिटांत कापावरून दुधाळ पांढरा धागा पाण्यात खाली उतरताना दिसला, तर नक्की. याला औषध नाही. झाड मुळासकट आणि आजूबाजूच्या मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि ती माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची, बटाट्याला वापरू नका. त्या कुंडीतून निथळलेलं पाणी दुसऱ्या कुंडीकडे वाहू देऊ नका. सुरी नीट धुऊन घ्या.

तिसरी, बुरशीजन्य मर. ही हळू येते: खालून पानं पिवळी पडतात, अनेकदा झाडाच्या एकाच बाजूची. खोड उभं चिरलं तर सालीच्या आत तपकिरी रेघ दिसते, पेल्यात धागा उतरत नाही. हेही झाड वाचत नाही. पुढच्या वेळी मर-प्रतिकारक वाण घ्या.

११. टोमॅटोचं बूड काळं पडतंय. हा कसला रोग?

रोग नाहीच. फळ लिंबाएवढं झालं की देठाच्या उलट टोकाला, जिथे फूल होतं तिथे, बोटाच्या टोकाएवढा पाणचट डाग येतो. चार-सहा दिवसांत तो तपकिरी, मग काळा, चामड्यासारखा आणि चपटा होतो. नंतर त्यावर बुरशी चढते आणि लोक बुरशीनाशक आणायला धावतात.

फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून हे होतं. कॅल्शियम फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि त्या प्रवाहाचा मोठा वाटा पानं खेचतात, फळाला थोडाच मिळतो. दोन दिवस माती वाळली की प्रवाह तुटतो, आणि नेमकं त्याच दिवसांत फळ वाढत असलं तर टोक मरतं. नंतर भरपूर पाणी देऊन गेलेलं टोक परत येत नाही. पहिल्या घोसात हे जास्त दिसतं, लांबट जातींत गोल जातींपेक्षा जास्त, आणि कुंडीत जमिनीपेक्षा जास्त.

इथे चुन्याचा सल्ला हमखास मिळतो. आपल्याकडची काळी माती मुळातच चुनखडीयुक्त आणि विम्ल (अल्कधर्मी) बाजूला झुकलेली आहे. तिच्यात कॅल्शियम कमी नसतं, ते वर नेणारं पाणी तुटलेलं असतं. चुन्याची निवळी घालून मातीचं आणखी बिघडतं. अंड्याची टरफलं या हंगामात तरी विरघळत नाहीत. एप्सम सॉल्ट तर उलटं काम करतं, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची मुळांशी स्पर्धा असते. युरियाचा मारा थांबवा, पानं बेसुमार वाढली की फळाचा वाटा आणखी घटतो.

डागाळलेली फळं काढून टाका (डाग कापून उरलेलं फळ खायला हरकत नाही), आच्छादन घाला (प्रश्न १३) आणि पाण्याचं अंतर सारखं ठेवा. पुढच्या घोसात फरक दिसतो. अपवाद एकच: कुंडीत बहुतांश कोकोपीट असेल आणि पाणी आरओचं शुद्ध असेल, तर कॅल्शियम खरंच कमी पडू शकतं. तिथे कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, ओल्या मातीत, पंधरवड्यातून एकदा. सल्फेट किंवा फॉस्फेटवाल्या खताबरोबर एकाच पाण्यात कालवू नका, तळाशी साका बसतो.

१२. फळं पिकता पिकता तडकतात. का?

कोरड्या मातीला अचानक भरपूर पाणी मिळालं की गर फुगतो आणि पिकत आलेली साल ताणली जात नाही. ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस आणि "दोन दिवस विसरलो म्हणून आज दुप्पट घातलं" ही दोन कारणं ठरलेली. विसरलात तर नेहमीच्या निम्मं द्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी. आभाळ भरून आलं असेल तर देठाच्या उलट टोकाला गुलाबी छटा फुटलेली फळं आधी काढून घ्या, घरात चार-पाच दिवसांत पिकतात. फ्रिजमध्ये नाही, टोपलीत. चेरी टोमॅटो सगळ्यात आधी तडकतो, त्याच्यासाठी हे विशेष लक्षात ठेवा.

१३. आच्छादन म्हणून काय घालू? पाणी किती वाचतं?

उसाचं पाचट, भाताचा पेंढा, वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते, दोन-तीन इंच जाड. बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड सडतं. आधी पाणी द्या, मग आच्छादन घाला. कोरड्या मातीवर घातलं तर वरचं हलकं पाणी आच्छादनच पिऊन टाकतं. एप्रिलमध्ये एक दिवसाआडची माती यामुळे सहज आणखी एक दिवस ओल धरते. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात खऱ्या, पण बागेवर जोरदार फवारण्या झालेल्या असतात. त्या आम्ही खायच्या झाडांखाली सुचवत नाही.

१४. फुलं गळतात आणि पानं गुंडाळतात. पाण्यामुळेच ना?

फुलं: कळी-फुलाच्या काळात माती वाळली तर गळतात हे खरं. पण दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ च्या वर, किंवा रात्री १२-१३ च्या खाली तापमान असेल तर पाणी कितीही नीट द्या, परागकण काम करत नाहीत. एप्रिल-मेत हिरवी जाळी बांधा आणि अपेक्षा कमी ठेवा. घरच्या टोमॅटोसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची लावण सोयीची ती यामुळेच.

पानं: खालची, जून पानं वरच्या बाजूला नळीसारखी वळली, जाडसर झाली, पण हिरवी असतील तर ती ताण सोसण्याची पद्धत आहे, त्याने पीक घटत नाही. शेंड्याची पानं बारीक, पिवळ्या कडांची आणि चुरडलेली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याचा पाण्याशी संबंध नाही, झाड उपटा.

१५. पावसाळ्यात पाणी घालायचंच नाही ना?

बोट घालून बघणं बंद करायचं नाही. नाशिक शहरात जोराची सर येते तशी दिवस-दिवस नुसती बुरबुरही असते. बुरबुरीत वरचा थर काळा दिसतो आणि दाट पानांखालची कुंडी आतून कोरडी असते. छज्जाखालच्या किंवा गॅलरीतल्या कुंड्या तर हमखास विसरल्या जातात. उघड्यावर एक सरळ बाजूंचा डबा ठेवा: आठवड्यात त्यात इंचभर पाणी साचलं तर जमिनीतल्या झाडांना वरून काही लागत नाही.

ताटल्या जूनमध्येच काढून ठेवा, डासांसाठीही आणि मुळांसाठीही. कुंड्या विटांवर ठेवा. जमिनीत आळी मोडून बुंध्याशी मातीची भर लावा आणि बाजूने चर काढा. सलग तीन दिवस झड लागली तर उघडीप मिळताच चार-पाच ग्रॅम खत प्रति झाड द्या, कारण नत्र वाहून गेलेलं असतं. त्र्यंबकेश्वर-इगतपुरी पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये प्लास्टिकचं छप्पर नसेल तर टोमॅटोचा हट्ट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१६. थंडीत शेतकरी रात्री पाणी देतात. मग आपण संध्याकाळी का नाही द्यायचं?

दोन्ही बरोबर आहे. निफाड-पिंपळगावकडे पारा पाच-सहा अंशांकडे सरकला की जमिनीत रात्री किंवा पहाटे पाणी देतात. ओल्या मातीत दिवसाची ऊब जास्त साठते, विहिरीचं पाणीही हवेपेक्षा कोमट असतं. थंडीच्या लाटेत तुमच्या अंगणातल्या झाडांनाही हे चालेल, मातीत, पानांवर नाही.

कुंडीला मात्र याचा उपयोग नाही. तिच्यात ऊब साठवायला माती पुरेशी नाही आणि गार चिखलात मुळं आणखी आखडतात. कुंड्या भिंतीलगत सरकवा, रात्री जुनी चादर टाका, पाणी सकाळी नऊनंतर द्या. टाकीचं पाणी फार गार असेल तर अर्धा तास उन्हात ठेवा.

१७. बोअरचं पाणी चालतं का? आणि आरओचं वाया जाणारं?

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरने मोजा. पाण्याचा टीडीएस साधारण १,१०० पीपीएमपर्यंत असेल तर टोमॅटोच्या उत्पादनाला सहसा झळ लागत नाही. त्यापुढे पीक हळूहळू घटतं. आरओचं सोडलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा बरंच खारं असतं. नळाचं पाणी गोड असेल तर ते सोडलेलं पाणीही अनेकदा चालून जातं, मूळ पाणी बोअरचं असेल तर सहसा नाही. निम्म्याने साधं पाणी मिसळून पुन्हा मोजा. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातलं पाणी कधीच नको, त्यात सोडियम असतं.

कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरली, पानांच्या कडा करपल्या, तर क्षार साठले. खपली खरवडून टाका आणि कुंडीच्या मापाइतकं, म्हणजे २० लिटरच्या कुंडीला २० लिटर, गोडं पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्या. दोन महिन्यांतून एकदा पुरे. खत दोन दिवसांनी, आधी नाही.

१८. तांदूळ-डाळ धुतलेलं, एसीचं, वॉशिंग मशीनचं पाणी?

तांदूळ-डाळीचं त्याच दिवशी, हो. एसीचं, हो. मीठ घालून उकडलेल्या भाज्यांचं, नाही. मशीनचं, नाही. माशांच्या टाकीचं गोडं पाणी उत्तम. जीवामृत किंवा पातळ खत कोरड्या मातीत ओतू नका, आधी साधं पाणी द्या.

१९. गच्चीवर ठिबक बसवलं, पण काही कुंड्यांना पाणी येतच नाही.

दाब बघा. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे सुमारे १ बार. गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा दीड-दोन मीटर वर असते, म्हणजे ०.१५ ते ०.२ बार. दुकानदार शेतासाठी देतात ते दाब-नियंत्रित ड्रिपर एवढ्या दाबावर नीट उघडतच नाहीत. साधे, फिरवून कमी-जास्त होणारे ड्रिपर घ्या. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर बसवा आणि पंधरा दिवसांनी धुवा. बोअरच्या पाण्याने क्षार बसून ड्रिपर चोंदतात. ते रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले की मोकळे होतात.

किती पाणी पडतंय हे मोजायला ड्रिपरखाली पेला ६ मिनिटं धरा. जमलेल्या पाण्याला १० ने गुणलं की तासाचं माप मिळतं: २०० मिली जमलं तर तासाला २ लिटर. नळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या कुंडीखाली असं मोजा, फरक दिसेल. मग प्रश्न ३ प्रमाणे वेळ लावा.

२०. दिवाळीत आठ दिवस गावाला जायचंय. काय सोय करू?

उलटी बाटली खोचण्याचा उपाय सगळीकडे दिसतो, पण एक लिटरच्या बाटलीत एक लिटरच पाणी असतं आणि ते झाडाचं फार तर एका दिवसाचं खाणं. आधी कुंडी नीट भिजवलेली असेल तर दोन-तीन दिवसांसाठी ठीक.

आठ दिवसांसाठी बॅटरीवरचा नळ-टायमर आणि ठिबक सगळ्यात खात्रीचं, मात्र निघण्याआधी तीन दिवस चालवून बघा. जमिनीत किंवा मोठ्या वाफ्यात मडकं पुरा: रंग न दिलेलं, न चमकणारं, पाच लिटरचं, गळ्यापर्यंत मातीत, तोंडावर झाकण, झाडापासून आठ-दहा इंचांवर. माती जसजशी सुकते तसतसं पाणी पाझरतं. २० लिटरच्या बादलीत ते मावणार नाही. कुंड्यांसाठी त्या सावलीच्या कोपऱ्यात एकत्र आणा, पिकायला आलेली फळं काढा, जाड आच्छादन घाला, आणि शेजाऱ्यांना विनंती करा. त्यांना "रोज पाणी घाला" असं सांगू नका. प्रत्येक कुंडीवर खडूने लिटर लिहून द्या.

२१. गावाहून आलो तर झाड पार वाळलंय. वाचेल का?

खोड नखाने खरवडून बघा. सालीखाली हिरवं आणि ओलसर असेल तर आशा आहे. कुंडी सावलीत घ्या. एकदम बादली ओतू नका. पाव लिटर, अर्धा तास थांबून पुन्हा पाव लिटर, असं तळातून थेंब येईपर्यंत (कोकोपीट असेल तर प्रश्न ८). कुरकुरीत झालेली पानं आणि सगळी मोठी फळं काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडे ताठ दिसले तर कुंडी आणखी दोन दिवस सावलीतच ठेवा, मग उन्हात. खत नवा फुटवा बोटभर झाल्यावर. शेंडा काळा पडून खाली बगलेतून फुटवा आला तर त्या फुटव्याच्या वर खोड कापून टाका.